व्यापारी जहाज लष्करी मालासाठी भाड्याने घेताना आधी काय पाहावं?
भाड्याच्या दराआधी मालाची वाटणी ठरवा. 1982च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनने ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे कंटेनरवाहू रो-रो (वाहनं थेट चालवत चढवता-उतरवता येणारं) जहाज ताब्यात घेतलं, डेकवर हेलिकॉप्टरसाठी जागा केली. स्वसंरक्षणाची यंत्रणा मात्र त्यावर नव्हती. 25 मे रोजी ब्रिटिश युद्धनौकांनी चकवलेली अर्जेंटिनाची एक्झोसेट क्षेपणास्त्रं थेट याच्यावर आदळली. 12 जण गेले. तीन चिनूक, सहा वेसेक्स हेलिकॉप्टरं आणि तंबू, सगळं एकाच जहाजाबरोबर गेलं. एक चिनूक वाचलं, कारण ते तेव्हा हवेत होतं. मग सैनिकांना पाठीवर ओझं घेऊन फॉकलंडची राजधानी स्टॅन्लीकडे पायपीट करावी लागली.

त्यामुळे एका प्रकारचा माल निदान दोन जहाजांत विभागा. आणि किनाऱ्यावर आधी लागणारा माल सर्वात शेवटी चढवा, नाहीतर दारूगोळा काढायला अख्खा डेक उपसावा लागतो.