खाणीवरची हिरवळ मोजायची तर वनस्पतीशास्त्र सोडायचं कशाला?

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात शेती विभागात आहे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतीशास्त्र. कॉलेजबरोबर राधानगरी भागातली एक बंद बॉक्साइट खाण पाहून आली, तेव्हापासून एकच धोशा : उपग्रहाच्या चित्रांवरून अशा जमिनीवर झाडोरा परत येतोय का ते तपासायचं काम करणार. आमच्या मते बी.एड. बरं. नाहीतर मग हे सोडून बी.सी.ए.ला घालावं का? बारावीला तिचं गणित नव्हतं. यात पोट भरतं का?

उत्तर : नमस्कार. बी.सी.ए.चा विषय आधी मिटवू. झालेली दोन वर्षं पाण्यात घालू नका. या क्षेत्रात सॉफ्टवेअर चालवणारे पुष्कळ मिळतात. पडद्यावर दिसणारं हिरवं नेमकं कशाचं आहे हे सांगणारे कमी, आणि तुमची मुलगी तेच तर शिकतेय.

तुम्ही शेती विभागातले, म्हणून तुमच्या हिशेबात सांगते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा, जवळजवळ एक गुंठा. जिवंत पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून तांबडा वजा करून त्या बाकीला दोन्हींच्या बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय हा आकडा मिळतो, उणे १ ते १ च्या मधला. उघड्या जमिनीचा आकडा शून्याच्या थोडा वर, दाट जंगलाचा ०.७-०.८ पर्यंत. बारावीच्या गणितावाचून अडेल असं यात काही नाही. संख्याशास्त्र मात्र चुकवता येणार नाही, ते तिनं मनापासून करावं.

आकडा काढणं सोपं, त्याचा अर्थ लावताना भलेभले फसतात. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडचे आपले बॉक्साइटचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, मुळात झाडांचे नाहीतच. जांभ्यावर कशीबशी दोन बोटं माती. पावसात तिथं गवत, तेरडा, कवला, सीतेची आसवं, आणि मे महिन्यात सगळं करपून तांबडं. खाण बंद झाल्यावर अशा जागी ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा सुरू लावली की उन्हाळ्यातही चित्र हिरवंगार येतं. आकडा खाणीच्या आधीपेक्षाही वर जातो, आणि कागदोपत्री जमीन 'सुधारली'. सड्याचं मूळ गवत तिथं औषधालाही नसतं! कधी ती हिरवळ म्हणजे नुसतं रानमोडीचं तण असतं. उपग्रहाला दोन्ही सारखंच. उसाच्या नोंदीला गेल्यावर बांधावरूनच तुम्हाला आडसाली कुठला आणि खोडवा कुठला ते कळतं, तशी नजर इथं लागते आणि ती वनस्पतीशास्त्रातूनच येते.

ऋतूंचंही तसंच. जून ते सप्टेंबर आपल्या घाटमाथ्यावर ढगांमुळे स्वच्छ चित्र क्वचित मिळतं. ऑक्टोबरच्या चित्राची तुलना ऑक्टोबरशी करायची आणि मेची मेशी, नाहीतर पाऊस मोजून झाडं मोजल्याचं समाधान मिळतं. सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ नंतरची. त्याआधी जागा कशी होती ते पाहायला अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रं आहेत, १९८० च्या दशकापासूनची. तिथं एक ठिपका नऊ गुंठ्यांचा, पण दोन्ही फुकट मिळतात.

आता पोटाचं. खाण बंद करताना जमीन पूर्ववत करणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणपट्ट्यांवर पुन्हा गवत उगवण्याची अट घालायला सांगितलं. त्यामुळे तपासणीचं काम आहेच. कोल इंडियाची रांचीची सीएमपीडीआय ही कंपनी मोठ्या उघड्या कोळसा खाणींची अशी पाहणी उपग्रहावरून दरवर्षी करते. आपल्या राज्यात नागपूरला भारतीय खाण ब्युरो आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे; सुदूर संवेदन म्हणजे हीच उपग्रहावरून दुरून केलेली पाहणी. खाणींचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या खासगी सल्लागार संस्थाही अशी माणसं घेतात. पण कायम सरकारी जागा थोड्या असतात. सुरुवातीची काही वर्षं बहुधा प्रकल्पावर, कंत्राटी आणि बेताच्या पगाराची जातील, तीही पुणे, नागपूर, हैदराबादकडे. कोल्हापुरात घरी राहून हे जमेल अशी आशा धरू नका. खाणीचं काम आटलं तर हेच कौशल्य पीकविम्याला, वनखात्याच्या नकाशांना आणि हो, ऊसक्षेत्राच्या मोजणीलाही चालतं.

शिक्षणाचा माझा क्रम असा : बी.एस्सी. पूर्ण, मग वनस्पतीशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी., त्यानंतर डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेत, म्हणजे आयआयआरएसमध्ये पुढचा अभ्यासक्रम. तिथं वनसंपदेची स्वतंत्र शाखा आहे. पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात. थेट जिओइन्फर्मेटिक्समध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या शास्त्रात, एम.एस्सी. पुण्यात सिम्बायोसिसला होते, पण फी पाहून ठरवा. गल्लोगल्ली निघालेल्या जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याच्या, सर्टिफिकेट क्लासला मात्र एक रुपया देऊ नका. आयआयआरएसचे ऑनलाइन वर्ग मोफत असतात, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही मोफत, आणि उपग्रहाची चित्रं तपासायचं गूगल अर्थ इंजिन ब्राउझरमध्येच चालत असल्यामुळे महागडा लॅपटॉपही लागत नाही.

या दिवाळीपर्यंत तिला एक काम द्या. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार निवडायचं, कारण तेही जांभ्याचंच; फक्त जायच्या आधी वनखात्याकडे परवानगीची चौकशी करायची. गेल्या काही वर्षांची मे आणि ऑक्टोबरची चित्रं काढायची, दोन-तीन रविवार पठारावर जाऊन कुठल्या ठिपक्यात कुठलं गवत, कुठं नुसता कातळ ते वहीत उतरवायचं, मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्यायचे. नोंदवही कशी ठेवायची ते तिला तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार? ही वही आणि नकाशे तिला एम.एस्सी.च्या प्रकल्पाला उपयोगी पडतील, पुढे मुलाखतीतही दाखवता येतील. तीन रविवारांत उन्हानं कंटाळून ती घरी आली, तर बी.एस्सी. झाल्यावर बी.एड.चा अर्ज भरता येईलच.