‘मंडळीचा सूत्रधार’ म्हणजे मालक का?

विचारणा अशी आहे : एकोणिसाव्या शतकातला एक नट स्वतः कामे करून नाटकमंडळीचा सगळा कारभारही पाहत असे. त्याच्याविषयी ‘तो मंडळीचा सूत्रधार होता’ असे लिहिले तर चालेल का?

लिहू नये. आजच्या वाचकाच्या कानात ‘कटाचा सूत्रधार’ बसलेला आहे, म्हणजे पडद्यामागून हलवणारा. त्या काळचा सूत्रधार नेमका पडद्यापुढे असे.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. तिथून रुळलेल्या पौराणिक खेळांत सूत्रधारकी हे अंगमेहनतीचे काम होते. साथीदारांसह मंगलाचरण म्हणायचे, विदूषक उड्या मारत आला की त्याच्याशी सवाल-जवाब, मग गणपती, मग मोरावरची सरस्वती, आणि तेव्हा कुठे कथा सुरू. एवढे झाले तरी सूत्रधाराला आत जायची सोय नाही. सीतेचा शोक असो की रावणाचा संताप, पद गाणार सूत्रधारच. पात्राने त्यावर हावभाव करायचे आणि पद संपले की त्याच अर्थाचे गद्य आयत्या वेळी जुळवून बोलायचे. राक्षसपार्टी, म्हणजे राक्षसाचे काम करणारा नट, आजारी पडला तर ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकायला दुसरा धिप्पाड गडी उभा करता येई. पण सूत्रधाराचा घसा बसला की खेळच बसला. सगळी पदे पाठ असलेला गाता माणूस ऐनवेळी कुठून आणणार?

पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी इथे पुण्यात, आनंदोद्भव नाटकगृहात, ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पदे पात्रांच्याच तोंडी घातली. सूत्रधाराकडे उरली नांदी आणि प्रस्तावना. ती म्हणून झाली की तो आत गेला, संपले. ती भूमिका अण्णासाहेब स्वतःच करत आणि मंडळीचे प्रमुखही तेच. दोन शब्दांची गल्लत इथूनच होत असावी. पण सूत्रधार ही त्यांची भूमिका, मंडळी चालवणे हा व्याप वेगळा.

त्या व्यापाला त्या जगात ‘मालक’ हाच शब्द. नाटकगृहाचे भाडे, रॉकेल, हँडबिले, पडदे-पेटाऱ्यांची वाहतूक, आचारी आणि दोन वेळची पंगत हे सारे मालकाच्या डोक्यावर. खेळ पडला म्हणून पंगत थांबत नाही, त्यामुळे पावसाळ्यातला एखादा मुक्काम अंगावर येई. मालक एकच असेल असेही धरू नका. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तीन भागीदार होते, तिघेही नट. भागीदारांचे बिनसले की ‘कंपनी फुटली’ म्हणत. ‘विसर्जित झाली’ हे आपले सभासंमेलनी मराठी.

‘चालक’ पैसा न घालताही असू शकतो. ‘म्यानेजर’ हा हिशेब आणि मुक्काम ठरवणारा. किर्लोस्कर मंडळीतले शंकरराव मुजुमदार नट होते, पुढे कारभारही त्यांच्याकडे आला. नटांकडून नाटक बसवून घेणारा तालीममास्तर हा आणखी वेगळा, त्यात गोविंद बल्लाळ देवलांचे नाव मोठे. ‘व्यवस्थापक’ मात्र त्या काळच्या माणसाला चिकटवू नये, कचेरीचा वास येतो.

तेव्हा वाक्य सरळ असे करा : ‘ते मंडळीचे मालक होते आणि नायकाची कामेही करत.’ ‘नटमालक’ हा जोडशब्द मला ओबडधोबड वाटतो. सूत्रधार लिहायचेच असेल तर भूमिका म्हणून लिहा : ‘पौराणिक खेळांत ते सूत्रधार असत.’

व्युत्पत्तीचेही विचारले आहे. सूत्र धरणारा तो सूत्रधार, हे उघड. ते सूत्र कठपुतळीचे की मापाच्या दोरीचे, यावर वाद आहे. मराठीपुरते पाहाल तर ‘सुतार’ हा याच ‘सूत्रधारा’चा झिजलेला अवतार, आणि त्याच्या हातात दोरी मापाचीच असते. हल्ली पुण्यात प्रत्येक पुस्तक प्रकाशनाला लागणारा ‘सूत्रसंचालक’ही याच दोरीचा. ‘सूतोवाच’ मात्र या घरातला नाही. तो ‘सूत उवाच’, पुराणे सांगणाऱ्या सूताचा. म्हणून त्यात सू दीर्घ आणि त्र कुठेच नाही.