आमदाराचं काम कसं पारखायचं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, साधे राहिले, हे लहानपणापासून ऐकतो आहोत. पण आमदार म्हणून त्यांनी नेमका कशाचा पाठपुरावा केला, हे कुणी नीट सांगत नाही. (एक वाचक, सांगोला)

उत्तर : गणपतरावांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या, साधेपणावर इतकं लिहिलं गेलं आहे की त्यांचं विधिमंडळातलं काम त्यामागे झाकलं गेलं. आधी कारकीर्द पाहू. शेतकरी कामगार पक्षातर्फे ते १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले. १९७२ ला हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत सभागृहात आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पडले, १९९९ ला पुन्हा जिंकले. त्यांची शेवटची निवडणूक २०१४ ची. १९६२, ६७, ७४, ७८, ८०, ८५, ९०, ९९, २००४, २००९ आणि २०१४ असे हे अकरा विजय. मंत्रिपद मिळालं ते दोनदाच : १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतरच्या आघाडी सरकारात. म्हणजे बहुतेक वर्षं हातात खातं नसतानाच काम करायचं होतं, आणि त्यांचं मोठेपण आम्हाला तिथेच दिसतं.

त्यांचा पहिला विषय पाणी. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका. नीरा उजव्या कालव्याचं पाणी इथे यायचं ते टेलचं, वरच्यांचं भागल्यावर उरेल तेवढं. दुसरीकडे कृष्णा पश्चिमेकडून भरून वाहत होती. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने १९७६ मध्ये ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिलं, आणि या वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर करता येईल असं ठरलं. तोवर पाणी अडवलं नाही, वापरलं नाही, तर पुढे हक्क सांगणं अवघड होणार होतं. या धास्तीतूनच १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ उभं राहिलं आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना वेग आला.

मात्र त्या वेगामागे लोकांचा रेटाही होता. सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद १९९३ पासून आटपाडीत भरू लागली. चळवळीतले नेते नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर, तसेच गणपतराव तिथे एकत्र होते. त्यांची मागणी फक्त ‘आमच्याकडे पाणी आणा’ एवढीच नव्हती. आलेलं पाणी समन्यायी वाटा आणि भूमिहीनालाही त्यात वाटा द्या, असं ते म्हणत होते. एका गावासाठी बंधारा मागणं आणि वाटपाचं तत्त्व बदलायला लावणं, यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

अशा योजनेचा पाठपुरावा तीस-तीस वर्षं का करावा लागतो, तेही पाहा. मान्यता मिळाली तरी दरवर्षीच्या अर्थसंकल्पात तरतूद व्हावी लागते. तरतूद अपुरी पडली की काम रेंगाळतं, रेंगाळलं की खर्च वाढतो, आणि वाढीव खर्चासाठी ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता लागते. तिच्या फायलीत पुन्हा वर्षं जातात. मग भूसंपादनाच्या मोबदल्याचे वाद. मुख्य कालवा झाला तरी पोटकालवे राहतात. सगळं झालं तरी उपशाच्या पंपांचं वीजबिल थकलं की पंप बंद! वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलायचा, हे सूत्र या अडचणीतून आलं. यातल्या प्रत्येक टप्प्यावर सभागृहात उठून विचारणारा माणूस लागतो. तो नसला की योजना कागदावर ‘प्रगतिपथावर’ राहते.

त्यांचे दुसरे दोन विषय रोजगार हमी आणि सहकार. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी दुष्काळी तालुक्यात पगाराचं काम निर्माण करण्यासाठी होती, हे लक्षात ठेवावं.

प्रश्न : वर्तमानपत्रात आमदारांच्या प्रश्नांची संख्या येते. ज्याचे जास्त, तो चांगला, असं समजायचं का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : नुसत्या संख्येवर जाऊ नका. विधानसभेच्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नांची छापील यादी उघडून पाहा. एकेका प्रश्नावर दहा-वीस सदस्यांची नावं असतात, कधी त्याहूनही जास्त. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले जातात. त्यामुळे सगळ्यांच्या खात्यात तो प्रश्न मोजला जातो, पण विषय खरोखर कुणी उचलला हे कळत नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावापुढचं शून्य निरर्थक ठरतं.

त्यापेक्षा एकच विषय घ्या, तुमच्या तालुक्यातला. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाजाचे वृत्तांत असतात. तुमच्या आमदारांनी तो विषय पाच वर्षांत कितींदा आणि कोणकोणत्या आयुधाने मांडला ते शोधा. आधी तारांकित प्रश्न, मग लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), मग अर्थसंकल्पी मागण्यांवर कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा असं सुचवून तक्रार मांडणारी), नियम २९३ खालच्या चर्चेत भाषण असा माग दिसला, तर तो त्यांचा खरा अग्रक्रम. एकदाच विचारून सोडून दिलेला विषय बहुधा कुणीतरी दिलेल्या निवेदनापुरता असतो. सदस्य कोणत्या समितीवर होते हेही पाहा. लोकलेखा, अंदाज, आश्वासन, रोजगार हमी योजना या समित्यांचं काम कॅमेऱ्यासमोर होत नाही, पण अधिकाऱ्यांना समोर बसवून कागद मागण्याची ताकद तिथे असते. आमच्या मते समितीच्या बैठकांना नियमित जाणारा आमदार घोषणा देणाऱ्या दहा जणांपेक्षा जास्त उपयोगाचा.

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावाच्या दुरुस्तीचं काम बंद पडलं आहे. दोनदा निवेदन दिलं. हा विषय सभागृहात कसा जाईल? (ग्रामपंचायत सदस्य, जिल्हा बीड)

उत्तर : बहुतेक निवेदनं ‘लवकरात लवकर काम व्हावे ही नम्र विनंती’ इथेच संपतात. त्यातून प्रश्न तयार होत नाही. आमदारांच्या कार्यालयाला एका पानावर एवढी माहिती द्या : कामाचं नाव, जसं प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात आहे अगदी तसंच, आदेशाचा क्रमांक आणि तारीख, मंजूर रक्कम, काम करणारी यंत्रणा, म्हणजे जिल्हा परिषद की मृद व जलसंधारण विभाग, कार्यारंभ आदेशाची तारीख, काम कोणत्या महिन्यात थांबलं, आणि आतापर्यंत कुणाकुणाला कधी पत्रं दिली. सोबत आदेशाची झेरॉक्स आणि तारीख दिसेल असे दोन फोटो जोडा.

तपशिलावर इतका भर देण्याचं कारण प्रश्नाच्या साच्यात आहे. तारांकित प्रश्न साधारण असा छापला जातो :

‘(१) मौजे अमुक येथील पाझर तलावाच्या दुरुस्तीचे काम माहे मार्चपासून बंद असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

पहिल्या भागात महिना चुकला, रक्कम चुकली किंवा शेजारच्या तलावाचं नाव पडलं, तर विभाग लिहितो, ‘हे खरे नाही.’ पुढच्या तिन्ही भागांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ येतं. झालं! अख्खं अधिवेशन वाया जातं, आणि ‘शासनाने नाकारलं आहे’ असा कागद उलट तुमच्याच विरुद्ध तयार होतो. ‘हे अंशत: खरे आहे’ असं उत्तर आलं, तर तो अर्धा विजय समजा. उपप्रश्नाला वाव मिळतो.

न्यायप्रविष्ट बाब, ऐकीव आरोप आणि मंत्र्यांचं मत विचारणारा मजकूर वगळला जातो. म्हणून ‘अधिकारी भ्रष्ट आहेत’ असं लिहू नका. ‘मोजमाप पुस्तिकेत नोंदवलेलं काम जागेवर आढळत नाही’ असं लिहा.

वेळही महत्त्वाची आहे. अर्थसंकल्पी अधिवेशन साधारण फेब्रुवारी-मार्चला आणि पावसाळी जून-जुलैला मुंबईत, तर हिवाळी डिसेंबरला नागपूरला भरतं. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. म्हणून तुमचा कागद जानेवारीच्या सुरुवातीला, मेच्या सुरुवातीला किंवा दिवाळीच्या आसपास पोचला पाहिजे. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ केली तर उरतो लक्षवेधीचा मार्ग, नियम १०५ खाली. पण विषय तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा आहे, हे तिथे पटवून द्यावं लागतं.

प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. तुमचा प्रश्न चर्चेला आला आणि मंत्री म्हणाले ‘चौकशी करू’ किंवा ‘बैठक घेऊ’, तर ते वाक्य वृत्तांतातून मिळवून ठेवा. सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. हे वाक्य, तारीख आणि विषय लिहून आमदारांना पुन्हा पत्र द्या. बहुतेक गावं इथेच थांबतात, आणि विषय इथेच विझतो.

तुमच्या आमदारांनी दाद दिली नाही तर दुसऱ्या मतदारसंघाचे सदस्य किंवा विधान परिषदेचे सदस्यही प्रश्न विचारू शकतात. त्यासाठी परवानगी लागत नाही.

प्रश्न : विधान परिषद म्हणजे पडलेल्या नेत्यांची सोय, असं म्हणतात. तिचा काही उपयोग झाला आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वि. स. पागे यांचं नाव घेतल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे पागे १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती होते. सभापती चर्चेत बाजू घेत नाही, त्याच्याकडे खातंही नसतं. तरी ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना त्यांनी तासगाव तालुक्यातल्या प्रयोगातून पुढे नेली. १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज साऱ्या राज्याला दाखवली. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला त्याचाच आधार मिळाला.

यातली पैशाची बाजू आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. नुसती योजना असती तर पैसा नाही म्हणून दोन वर्षांत गुंडाळली गेली असती. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लावला आणि त्याचं उत्पन्न रोजगार हमीला जोडलं. शहरातल्या पगारदाराच्या कापलेल्या रकमेतून दुष्काळी गावातल्या मजुराचा हक्क उभा राहिला. एखादा आमदार नवी योजना सांगतो तेव्हा ‘पैसा कोणत्या शीर्षातून (अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून)?’ हा प्रश्न जरूर विचारावा, असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० विधानसभेचे सदस्य निवडतात, २२ स्थानिक संस्थांतून, प्रत्येकी ७ पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतून येतात, १२ राज्यपालनियुक्त असतात. धनविधेयक परिषद फक्त १४ दिवस ठेवू शकते. अधिकार थोडेच आहेत, पण अभ्यासू सदस्याला ते पुरतात.

प्रश्न : गोव्यात परिषद नाही, सभागृह छोटं. आमच्याकडे हे सगळं लागू होतं का? (एक वाचिका, फोंडा)

उत्तर : प्रश्नांची पद्धत तशीच, तुमच्याकडे त्यांना ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. फरक संख्येचा आहे. मंत्रिमंडळ सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठं नसावं, पण कोणत्याही राज्यात किमान १२ जणांची मुभा आहे. महाराष्ट्रात २८८ पैकी ४३ मंत्री होऊ शकतात, गोव्यात ४० पैकी १२. सभापती, उपसभापती वगळले की प्रश्न विचारायला उरतात २६ जण, आणि त्यातले बरेचसे सत्ताधारी. म्हणून गोव्यात एकेका विरोधी आमदाराच्या अभ्यासाचं मोल फार आहे. शुक्रवारचं खासगी कामकाज आवर्जून पाहत चला.

प्रश्न : आमदार निधी पाच कोटी असतो म्हणतात. मग आमच्या वस्तीचा रस्ता का होत नाही? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आधी आकडा डोळ्यांसमोर आणा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार. पाच कोटींची विभागणी केली तर वर्षाला माणशी दीडशे रुपयेही येत नाहीत. मोठे रस्ते, पूल, रुग्णालयं या निधीतून होत नाहीत; ती अर्थसंकल्पातून आणि पुरवणी मागण्यांतून आणावी लागतात.

शिवाय आमदार फक्त काम सुचवतात. शिफारसपत्र जिल्हा नियोजन कार्यालयात जातं, यंत्रणा अंदाजपत्रक करते, तांत्रिक मान्यता होते, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. वस्तीच्या रस्त्याचं घोडं बहुधा जागेवर अडतं. रस्ता खासगी मालकीच्या गटातून (जमिनीतून) जात असेल आणि ग्रामपंचायतीच्या नमुना २३ ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, त्याची नोंद नसेल, तर फाईल परत येते. म्हणून शिफारसपत्राच्या आधी जमीनमालकांची लेखी संमती किंवा बक्षीसपत्र, ग्रामपंचायतीचा ठराव आणि पुढच्या देखभालीची हमी हे कागद तयार ठेवा.

‘काम मंजूर आहे’ असं सांगितलं जात असेल तर जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. ‘रस्त्याचं काय झालं’ असं विचारू नका. शिफारसपत्राची प्रत, प्रशासकीय मान्यतेचा आदेश, निधी वितरणाचा आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची पानं, अशी चार कागदांची मागणी करा. यांतला कोणता कागद मिळत नाही, त्यावरून काम कुठे अडलं आहे ते कळेल आणि पुढचं पत्र कुणाला लिहायचं तेही ठरेल.