तारखा शेजारी मांड

पोरी,

फ्रेंच वसाहतींबद्दलचा तुझा मेल दोनदा वाचला. 'काही फ्रेंच लोकांचा हेतू खरंच चांगला असेल ना?' असेल. मग? त्यांच्या मनात शिरायला तुला कुणी सांगितलंय? तारखा शेजारी-शेजारी मांड, एवढंच म्हणतेय.

१६ जून १८८१: फ्रान्समधल्या सरकारी प्राथमिक शाळांची फी माफ. २८ जून १८८१: फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात 'एतद्देशीय' माणसाला कोर्टात उभं न करता पाच दिवसांपर्यंत कैद किंवा १५ फ्रँकपर्यंत दंड करायचा अधिकार प्रशासकाला. परवान्याशिवाय प्रवास केला, गुन्हा. सरकारविरुद्ध चारचौघांत बोलला, गुन्हा. मध्ये बारा दिवस. पंतप्रधान एकच, ज्यूल फेरी. १८८५ च्या जुलैत हाच गृहस्थ संसदेत सांगतो की श्रेष्ठ वंशांना हक्क आहे, कारण कनिष्ठांना सुसंस्कृत करणं हे त्यांचं कर्तव्य. त्याच आठवड्यात विरोधातला खासदार क्लेमांसोने टोला हाणला: १८७० च्या युद्धात आपण हरलो तेव्हा जर्मन पंडितही हेच सिद्ध करत होते, फ्रेंच कनिष्ठ म्हणून! तेव्हा 'त्या काळी सगळेच तसं मानत' हे तुझं वाक्य आधी खोड.

रागावले का? थोडी. तुझ्यावर कमी.

फुकट शाळांचा तो कायदा मी बावीस वर्षं भारावून शिकवला. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, अल्जीरियातल्या मुलांना होत्या का ह्या शाळा?" फळा पुसता पुसता म्हटलं, "परीक्षेला नाहीये ते." पुस्तकात नव्हतंच. नेट नव्हतं, पोर्शन संपवायचा होता, चार तुकड्या होत्या गं, खरंच होत्या. पण लायब्ररीत जाडजूड फ्रेंच विश्वकोश होता आणि मला फ्रेंच येत होतं.

'रेल्वे तर बांधली' म्हणतेस. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतीतला काँगो-ओसेआँ रेल्वेमार्ग, १९२१ ते १९३४. सक्तीने आणलेले मजूर, त्यातले सतरा हजारांच्या आसपास मेल्याचा अंदाज. आणि वसाहतींमधली सक्तीची मजुरी कायद्याने बंद झाली १९४६ मध्ये. हेही शेजारी मांड.

तिसरं प्रकरण रविवारपर्यंत पाठव. 'दुर्दैवाने' हा शब्द दिसला तर परत पाठवीन. आणि फोन नको करूस. बोलायला लागले की मी त्या चार तुकड्या पुन्हा मोजत बसते.