एकर, फर्लांग, हार्वेस्ट, फार्म... इंग्रजीतले हे जुने शेतीचे शब्द आले कुठून?

तुम्ही विचारलंय की एकर म्हणजे 4840 चौरस यार्ड हा असला विचित्र आकडा कोणाच्या डोक्यातून निघाला, फर्लांग काय भानगड आहे, आणि इंग्रजीतल्या अशा जुन्या शेतीच्या शब्दांचं मूळ काय. मी काही भाषेचा प्रोफेसर नाही, घरची थोडी शेती आहे आणि शब्दांच्या मागे लागायची खोड आहे, एवढंच क्वालिफिकेशन.

तो आकडा कोणाच्या डोक्यातून नाही, बैलाच्या दमातून निघालाय. मध्ययुगातल्या इंग्लंडची जमीन डोळ्यासमोर आणा, चिकण, ओली, जड, तिला नांगरही जड, आणि पुऱ्या औताला हिशेबात 8 बैल धरायचे. आता 8 बैलांचं औत धुऱ्यापाशी वळवायचं म्हणजे काय कटकट असेल ते ज्याने दोन बैलांचं वळवलंय त्याला विचारा! म्हणून वळणं कमी पडावीत असे वावराचे लांबच लांब अरुंद पट्टे पाडायचे. फरो म्हणजे आपलं तास, नांगराची चर, आणि फरो अधिक लाँग म्हणजे फर्लांग, बैलांनी एका दमात मारलेलं लांब तास. पुढे ते 220 यार्डांवर पक्कं झालं. आणि एकर म्हणजे एका औताची साधारण एका दिवसाची नांगरट. लांबी एक फर्लांग, रुंदी 22 यार्ड, करा गुणाकार, 4840. म्हणजे एकर मुळात चौकोनी तुकडा नाहीच, पट्टा आहे. आणि 22 यार्ड ओळखीचे वाटले ना? क्रिकेटचं पिच तेवढंच असतं. 1620 च्या सुमारास एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने जमीन मोजायला 66 फुटी साखळी काढली, तीही बरोबर 22 यार्डांची.

हे दिवसाच्या नांगरटीचं मी हवेत बोलत नाहीये. साधारण इसवी सन 1000 च्या आसपास एल्फ्रिक नावाच्या एका इंग्रज साधूने मठातल्या पोरांना लॅटिन शिकवायला संवाद लिहिले, त्यात एक नांगऱ्या येतो. तो सांगतो की पहाटे निघायचं, थंडी कितीही असो मालकाच्या भीतीने घरी बसायची सोय नाही, आणि रोज एक पुरा एकर किंवा जास्तच नांगरायचा. सोबत बैल हाकायला एक पोरगं, थंडीने आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला. मला विचाराल तर एकरची यापेक्षा चांगली व्याख्या नाही. त्या काळच्या इंग्रजीत अशा नांगऱ्याला यर्थलिंग म्हणायचे, आता अर्थलिंग हा शब्द फक्त परग्रहावरच्या लोकांच्या सिनेमात ऐकू येतो.

एकर शब्द मात्र मापाच्याही आधीचा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं शेत. लॅटिनमधला आगेर त्याचाच भाऊ, ज्याच्यावरून ॲग्रिकल्चर झालं, आणि वेदातला अज्र, म्हणजे मैदान किंवा शेत, तोही त्याच घरातला. तसंच योक आणि आपलं जू. जू आलं संस्कृत युगवरून, आणि युग आणि योक एकाच मुळाचे. पण म्हणून सारखं दिसलं की नातं लावू नका बरं का, लाँग आणि लांब हे कितीही जुळे दिसले तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

फर्लांगाचा हट्ट पण बघा. रोमन मैल 5000 फुटांचा होता, पण इंग्लंडात सगळ्या जमिनी फर्लांगात मोजलेल्या, त्या कोण बदलणार, म्हणून 1593 मध्ये राणी एलिझाबेथच्या काळात कायद्यात मैलच 8 फर्लांगांचा धरला आणि तो 5280 फुटांचा झाला. आणि आपल्याकडचा गुंठा? 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मं. 40 गुंठ्यांचा एकर असा चोख बसतो तो उगाच नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहून येतं पण पारावर व्यवहार आजही एकर-गुंठ्यातच चालतो.

आता बाकीचे पटापट. हार्वेस्ट म्हणजे आधी कापणी नव्हेच, तो ऋतू होता, जर्मनमध्ये हर्ब्स्ट अजून शरद ऋतूलाच म्हणतात. इंग्रजीत ऋतूसाठी फ्रेंचांकडून ऑटम आला आणि हार्वेस्ट कामापुरता उरला. आपल्या सुगीत काम आणि हंगाम दोन्ही अजून एकत्र नांदतायत. बार्न म्हणजे मूळचं बार्लीचं घर. हसबंड हा नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांकडून आला, घर असलेला शेतकरी, घरधनी म्हणा ना, म्हणून तर पशुसंवर्धनाला ॲनिमल हसबंड्री म्हणतात, नवऱ्याचा त्यात काही दोष नाही. नेबर म्हणजे जवळचा शेतकरी.

सगळ्यात गंमत फार्मची. या शब्दाचा मातीशी काडीचा संबंध नव्हता! लॅटिन फिर्मा म्हणजे ठरवून दिलेली रक्कम, फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा फार्म म्हणजे खंड, ठरलेलं भाडं, आणि फार्मर म्हणजे आपला मक्तेदार, सरकारला ठरलेला आकडा भरून वसुलीचा इजारा घेणारा. मग खंडाने जमीन कसणारा फार्मर झाला, आणि शेवटी कसणारा कोणीही.

कॅटलचंही असंच, तो आणि कॅपिटल एकाच लॅटिन शब्दातून निघालेत, आधी अर्थ मालमत्ता, नंतर गुरं. उलट जुन्या इंग्रजीत फेओह म्हणजे आधी गुरं, मग पैसा, आणि हा फेओह आपल्या पशूचा सख्खा नातेवाईक. आपण पशुधन म्हणतो त्यात दोन्ही आले.

आणि ते थ्रेशोल्डचं, म्हणजे उंबऱ्याचं, फॉरवर्ड तुमच्याकडेही आलं असेल, की झोपडीत जमिनीवर थ्रेश म्हणजे पेंढा पसरायचे आणि तो बाहेर सांडू नये म्हणून दारात फळी लावायचे, ती थ्रेशोल्ड. साफ खोटं आहे. थ्रेश म्हणजे पेंढा कधीच नव्हता, थ्रेश म्हणजे मळणे, तुडवणे. उंबऱ्याशी त्याचं नातं असलंच तर पाय पडण्याचं आहे, पेंढ्याचं नाही.