आधी तिची माफी मागा

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनवर काहीतरी टाइप करत बसते. एकदा तर तासभर एकच ओळ पुन्हापुन्हा लिहीत होती. म्हणते, गेमचं मॉडिंग शिकतेय. हे हॅकिंगच ना? सहामाहीत गुण घसरले, तेव्हा रागाच्या भरात मी तिचं फोल्डर डिलीट केलं. आता ती बोलत नाही. कुठला कोर्स लावला तर हे वेड सुटेल? – एक वडील

उत्तर : गुणांचं नंतर बघू. मला त्या फोल्डरची जास्त काळजी वाटते. मुलीने काढलेली चित्रं तुम्ही अशी फाडली असतीत का? आधी रिसायकल बिन उघडा, कदाचित तिथे सापडेल. सापडो न सापडो, तिची माफी मागा, आणि माफीला ‘पण तूसुद्धा’चं शेपूट जोडू नका.

हे हॅकिंग नाही. मॉडिंग म्हणजे तयार गेममध्ये आपल्या मनासारखे बदल करणं, आणि अशा बदललेल्या रूपाला मॉड म्हणतात. त्या काळ्या खिडकीला कमांड लाइन म्हणतात. माउसने क्लिक करायचं, त्याऐवजी सूचना लिहून द्यायची, एवढंच. गेममधली चित्रं, आवाज, नकाशे बरेचदा मोठ्या फायलींत एकत्र बांधलेले असतात. ते सोडवून, बदलून पुन्हा बांधणारी अनेक टूल्स तिथूनच चालतात. ती तासभर अडली त्याचं कारण अगदी बारीक असू शकतं. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली, की कमांडला ती दोन वेगळी नावं वाटतात आणि फाइल सापडत नाही. नाव अवतरणचिन्हांत घातलं की काम होतं. अशी चूक चिकाटीने शोधणं हे प्रोग्रामरचं रोजचं काम आहे, आणि तुमची मुलगी ते कुणी न सांगता करतेय. काउंटर-स्ट्राइक हा गाजलेला गेम १९९९मध्ये हाफ-लाइफ या गेमचा मॉड म्हणूनच आला. नंतर हाफ-लाइफ बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला आणि करणाऱ्यांना नोकरीही दिली. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही, पण हातात आलेली विद्या कुठे जात नाही.

धोके आहेत, ते तिला जरूर सांगा. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये फेरफार केला तर खातं बंद होऊ शकतं. अनोळखी माणसाने दिलेली कमांड समजल्याशिवाय चालवू नये.

कोर्स नको. कॉम्प्युटरच्या पदवीच्या प्रवेश परीक्षा बारावीनंतर आहेतच, त्यासाठी गणित सांभाळावं लागेल. झोपेची वेळ दोघांनी बसून ठरवा. आणि तिला गिट हे सॉफ्टवेअर शिकू द्या. त्यात प्रत्येक टप्प्याची नोंद राहते, चुकलं तर मागे जाता येतं. त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवली, की घरात कुणी फोल्डर पुसलं तरी तिचं काम वाचेल.