लेक म्हणते बाइक रेसर व्हायचंय, आता काय करू?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. लेक बारावीला, पीसीएम, घर इंदूरच्या सुदामा नगरला, डिसेंबरात अठरा पूर्ण होतील. मार्क चांगले. दिवाळीत सगळे फराळाला बसलेले असताना तिने जाहीर केलं की मला मोटरसायकल रेसर व्हायचंय, बाबा ताटावरून उठून गेले, आजी म्हणाल्या हातपाय मोडून घेतले तर हिच्याशी लग्न कोण करेल, आणि तुम्हाला नंतर कळलं की दादा रविवारी पहाटे तिला सुपर कॉरिडोरच्या रुंद रस्त्यावर स्वतःची बाइक चालवायला देतो. तुम्ही विचारलंय की यात खरंच करिअर आहे का, की हिला गोडीगुलाबीने यातून बाहेर काढू.

आधी सुपर कॉरिडोर. ते आजच बंद करा, आणि इथे मी अजिबात गोड बोलणार नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, आता अल्पवयीन मुलगी गाडी चालवताना काही गुन्हा झाला तर पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द, आणि लेकीला तर 25 वर्षांची होईपर्यंत लायसन्सच मिळणार नाही. बाबांच्या ओरडण्याचा तिच्यावर काही परिणाम होणार नाही पण हे वाक्य तिला वाचून दाखवा, ती आपणहून चावी परत करेल. शिवाय ट्रॅकवर बाइक घसरली तर रायडर सूटवर घसरत जातो आणि खडीत जाऊन थांबतो, बाजूला मार्शल आणि अँब्युलन्स उभे असतात, आणि आपल्याकडे रस्त्यावर घसरला तर समोर डिव्हायडर, नाहीतर गाय, नाहीतर राँग साइडने येणारा लोडिंग रिक्षा. पोरं म्हणतात पहाटे रस्ता रिकामा असतो भिया. असतो, येईपर्यंत.

आता करिअरचं. स्पेनची आना कारास्को, तिचे व्हिडिओ लेकीने पाहिलेच असणार. 2018 मध्ये वर्ल्ड सुपरस्पोर्ट 300 या छोट्या बाइकच्या वर्गाची चॅम्पियन झाली, मुलांच्याच बरोबरीने त्याच रेसमध्ये, फक्त एका पॉइंटने, आणि सर्किट रेसिंगमध्ये, म्हणजे डांबरी ट्रॅकवर, एकट्याने चालवायच्या (साइडकार नसलेल्या) बाइकवर वर्ल्ड टायटल जिंकणारी ती पहिली बाई. 2020 मध्ये पोर्तुगालला टेस्टिंग करताना पडली, पाठीचे मणके फ्रॅक्चर, ऑपरेशन झालं, पुढच्या वर्षी परत येऊन रेस जिंकली. मग 2024 ला फक्त बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली, सगळ्यांना सारखीच यामाहा आर7, ती पहिली चॅम्पियनशिपही हिनेच जिंकली. आणि हे बाबांना आवर्जून सांगा, रेसिंग चालू असतानाच ती कायद्याचं शिक्षणही घेत होती.

भारतात बघायचं तर बेंगळुरूची ऐश्वर्या पिस्से. 2018 मध्ये स्पेनच्या रॅलीत पडली, स्वादुपिंडाला मोठी दुखापत झाली, आणि 2019 मध्ये एफआयएम या जागतिक मोटरसायकल संघटनेच्या बाहा वर्ल्ड कपचं (कच्च्या रस्त्यांवरच्या रॅलींचं) महिलांचं टायटल घेऊन आली, मोटरस्पोर्टमध्ये वर्ल्ड टायटल जिंकणारी पहिली भारतीय. ती सर्किटवाली नाही, रॅलीवाली, म्हणजे वाळू, दगड, शेकडो किलोमीटर. लेकीला नक्की काय आवडतं ते विचारा, कारण दोन्हीचं ट्रेनिंग वेगळं, बाइक वेगळी आणि खर्चही वेगळा.

ही नावं मी तुम्हाला धीर द्यायला सांगितली, पण दोघींची दुखापतही मुद्दाम सांगितली. या क्षेत्रात पडणं होतंच, हाडं मोडतात, आणि घरच्यांनी हो म्हणायचं तर हे समजून हो म्हणायचं.

मुलींना हे झेपतं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण आजींच्या मनात असणार. 1962 मध्ये बेरिल स्वेन नावाची इंग्लिश बाई आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी नावाच्या प्रसिद्ध रेसमध्ये 50 सीसीच्या वर्गात एकटीने उतरली, रेस पूर्ण केली, आणि लगेच रायडरच्या कमीत कमी वजनाचा नियम असा केला की पुढच्या वर्षी ती बसेचना. तिला झेपलं नाही म्हणून नव्हे, झेपलं म्हणून. कमी वजनाचा छोट्या इंजिनच्या बाइकवर खरं तर फायदाच होतो.

माझं खरं म्हणणं पुढे आहे. या करिअरमध्ये धाडस सगळ्यांकडेच असतं, पोरी अडकतात त्या पैशापाशी आणि मशीनच्या समजेपाशी. आपल्या देशात फक्त रेस जिंकून घर चालवणाऱ्या बायका फार थोड्या. बाकीच्या रेसिंगबरोबर काहीतरी करतात, कोणी ट्रेनर, कोणी कंपनीत टेस्ट रायडर, कोणी ब्रँडचं काम, कोणाची नोकरी वेगळीच. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही त्यामुळे सरकारी नोकरीच्या भरवशावर राहू नका. स्पॉन्सर मिळतो, पण रिझल्ट दाखवल्यावर, आणि रिझल्ट येईपर्यंतचे सीझन घरच्या पैशावर जातात. म्हणून वन मेक रेसिंगपासून, म्हणजे सगळे एकाच मॉडेलवर धावतात त्या रेसपासून, सुरुवात करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, टीव्हीएसची महिलांसाठी वेगळी कॅटेगरी आहे, बाइक कंपनीची, सगळ्यांना सारखी, लॅप टाइमवर सिलेक्शन. बाइक विकत घेऊन ट्यून करत बसायचा खर्च वाचतो, आणि हरली तर बाइक कमी पडली असं म्हणायची सोयही राहत नाही. त्यासाठी एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, कॉम्पिटिशन लायसन्स लागतं, आरटीओचं वेगळं, हे वेगळं. ट्रॅक आपल्याकडे मोजकेच, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक, कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट जिथे 2023 ला मोटोजीपी झाली. म्हणजे इंदूरच्या पोरीचा निम्मा खर्च प्रवासाचा, दक्षिणेकडे जाणाऱ्या अहिल्यानगरी एक्सप्रेसचं टाइमटेबल पाठ होईल तिचं.

पण इंदूरचा एक फायदा आहे जो चेन्नईच्या पोरींनाही नाही आणि आपल्याच लोकांना माहीत नाही. इंदूरजवळच्या पीथमपूरचा नॅट्रॅक्स! 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक, 2021 ला सुरू झाला तेव्हा आशियातला सगळ्यात लांब म्हणून बातम्या आल्या होत्या. तो रेसचा नाही, गाड्या तपासायचा आहे, पण गाडी इतक्या स्पीडला कशी वागते, ब्रेक का तापतो, टायर कुठे झिजतो हे ओळखणाऱ्या माणसांची तिथे गरज असते. आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांची बाहा एसएई स्पर्धाही (रॅलीच्या बाहाहून वेगळी) पीथमपूरलाच होत आली आहे, मुलं स्वतः गाडी बनवतात आणि स्वतःच चालवतात. लेक पीसीएमला आहेच, तर इंदूरच्या एसजीएसआयटीएस किंवा आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजला मेकॅनिकल मिळेल इतके मार्क आणायचे, पहिल्या वर्षीच बाहाच्या टीममध्ये घुसायचं. चारचाकी आहे म्हणून नाक मुरडेल ती, मुरडू द्या. सस्पेन्शन स्वतःच्या हाताने खोललेला रायडर पिटमध्ये येऊन मेकॅनिकला नेमकं सांगू शकतो की बाइक कुठल्या वळणावर काय करतेय, आणि टीमला असाच रायडर हवा असतो. रेसिंग जमलं नाही तरी टेस्टिंगचा रस्ता उघडा राहतो. हा मला प्लॅन बी वाटत नाही, मला तर हेच मुख्य करिअर वाटतं आणि रेसिंग त्याच्यावरचा तुरा, पण लेकीला आत्ता असं सांगू नका, चिडेल.

तर आत्ता बोर्ड. बोर्ड झाल्यावर एकदाच, दोन-तीन दिवसांच्या ट्रॅक ट्रेनिंगला न्या, चेन्नईला कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल येतं, कंपन्यांचेही कोर्स असतात. तोवर अठरा पूर्ण झालेले असतील, लर्निंग मग पक्कं लायसन्स काढून ठेवा. रोज पळणं, पोहणं, पोटाचे आणि मानेचे व्यायाम आजपासून, कारण ब्रेक मारताना अख्खं शरीर हातांवर येतं आणि कच्ची पोरं चौथ्या-पाचव्या लॅपला हँडल धरू शकत नाहीत. तीन दिवस उन्हात लेदर घालून, एकच वळण पन्नास वेळा घेऊन, वर ट्रेनरची बोलणी खाऊन पोरगी चौथ्या दिवशीही परत जायचं म्हणाली तर पुढचं बोलू, नाही म्हणाली तर विषय तिनेच संपवला, तुम्ही वाईट व्हायची गरज नाही.

आणि तिच्याबरोबर बाबांनी जायचं, तुम्ही नाही. घरी बसून ते फक्त अपघाताचे व्हिडिओ बघणार, तिथे गेले तर हेल्मेटची तपासणी, सूटची तपासणी, लाल झेंडा दाखवल्यावर सगळे कसे थांबतात, हे डोळ्यांनी बघतील. कदाचित तरीही नाहीच म्हणतील, त्यांचा हक्क आहे, पण मग कशाला नाही म्हणतोय ते त्यांना माहीत असेल. सूट मात्र आत्ता विकत घेऊ नका, फार महाग असतो, ट्रेनिंगवाल्यांना भाड्याने मिळतो का ते आधी विचारा, आणि दादाला म्हणावं बाइकची चावी आईकडे.